तालुक्याच्या कोर्टातून विधानभवनात: वकील आमदार होतो तेव्हा नेमकं काय बदलतं?

विधानसभेच्या उमेदवारांची यादी चाळली की बऱ्याच नावांआधी 'ॲड.' दिसतं. कालपर्यंत तालुक्याच्या कोर्टात तारखा घेणारा माणूस निवडून येतो आणि गावात तेच ते प्रश्न निघतात. आता याला कोर्टात उभं राहता येतं का? सरकारचा पगार घेऊन वकिली कशी चालते? आपला दावा याच्याकडे आहे, त्याचं काय होणार? आणि कायदा शिकलेला माणूस पाठवल्याने विधानसभेत काही फरक पडतो का?

या प्रश्नांची उत्तरं आहेत आणि ती अवघड नाहीत. फक्त ती वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली असल्याने सहसा एका ठिकाणी वाचायला मिळत नाहीत.

## तालुक्याची वकिली म्हणजे रोजचं काम काय?

पदवीनंतर तीन वर्षं किंवा बारावीनंतर पाच वर्षं कायद्याचा अभ्यास, मग महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे नोंदणी. त्यानंतर मिळते ती सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना. नोंदणीसाठी पूर्वी हजारो रुपये मोजावे लागत. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अधिवक्ता अधिनियम १९६१ मध्ये लिहिलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे ७५० रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी ही रक्कम १२५ रुपये आहे. सनदेबरोबरच अखिल भारतीय बार परीक्षाही पास व्हावी लागते.

नवा वकील आधी एखाद्या सीनियरच्या हाताखाली बसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनियरना शहरी भागात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, बंधनकारक नाही. घरची शेती किंवा दुसरा आधार नसेल तर पहिली काही वर्षं काढणं कठीण जातं. राजकारणात येणारे वकील बहुतेक कोणत्या घरांतले असतात, याचं एक कारण इथेच सापडतं.

काम मात्र भरपूर शिकवणारं. वाटणीचे दावे, बांधाच्या हद्दी, फेरफाराला (सातबारावरच्या नावाच्या बदलाला) हरकत, जामीन, अपघाताची भरपाई, संपादनात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला. शेतात जायला रस्ता नाही म्हणून तहसीलदारांकडे अर्ज: नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली आणि असलेला रस्ता कुणी अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याखाली. चुकीच्या कलमाखाली अर्ज केला की वर्ष-दीड वर्ष वाया जातं. चेक न वटल्याची केस तर सगळी तारखांवर चालते. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्याच्या आत फिर्याद. यातली एक तारीख चुकली की खरा माणूससुद्धा हरू शकतो.

दहा-बारा वर्षं हे केलेल्या वकिलाला तालुका जसा कळतो तसा फार थोड्यांना कळतो. कुठल्या सजाचा (तलाठ्याच्या हद्दीचा) तलाठी फेरफार अडवतो, कुठल्या चारीच्या शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही, कुठल्या भावकीत खुनापर्यंत गोष्ट गेली होती, हे सगळं त्याच्या फायलींत असतं.

## तिथून राजकारणाकडे वाट कशी फुटते?

थेट आमदारकीचं तिकीट क्वचितच मिळतं. वाट बहुतेक संस्थांमधून जाते. आधी वकील संघाची निवडणूक, मग बाजार समिती, पतसंस्था किंवा साखर कारखान्याचा कायदेशीर सल्लागार, मग पंचायत समिती किंवा जिल्हा परिषद. सहकारी संस्थांच्या निवडणुकांत मतदार यादीवर हरकती, उमेदवारी अर्जांची छाननी, अपील असं काम सतत निघतं. नेत्यांना असा वकील लागतोच. त्या ओळखीतून पुढे उमेदवारी येते.

इतिहासात याची ठळक उदाहरणं आहेत. यशवंतराव चव्हाणांनी कायद्याची पदवी घेऊन कऱ्हाडला वकिली सुरू केली. १९४६ मध्ये ते दक्षिण साताऱ्यातून तेव्हाच्या मुंबई विधानसभेवर निवडून गेले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. विलासराव देशमुख पुण्यात कायदा शिकले, बाभळगावचे सरपंच झाले आणि १९८० मध्ये लातूरमधून विधानसभेत गेले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख हेही वकिलीचं शिक्षण घेतलेले. १९६२ मध्ये शेतकरी कामगार पक्षातर्फे ते पहिल्यांदा निवडून आले आणि पुढे एकूण ११ वेळा त्याच दुष्काळी तालुक्याचे आमदार राहिले. मधे दोनदा हरले, तरी लोकांनी त्यांना परत पाठवलं.

## सरकारी वकील असेल तर निवडणूक लढवता येते का?

इथे पहिली खरी कायदेशीर अडचण येते. संविधानाच्या अनुच्छेद १९१ नुसार 'लाभाचं पद' धारण करणारा माणूस आमदार होऊ शकत नाही. लाभाचं पद म्हणजे सरकारने दिलेलं, आर्थिक फायदा असलेलं पद. सरकारवर अवलंबून असलेल्या माणसाने सरकारला जाब विचारायला बसू नये, हा त्यामागचा विचार. राज्याला कायदा करून काही पदांना सूट देता येते.

मग एखाद्याच खटल्यासाठी नेमलेला विशेष सरकारी वकील? हा प्रश्न राजस्थानात उभा राहिला होता. कांता कथुरिया या वकील १९६७ मध्ये बिकानेर जिल्ह्यातल्या कोलायतमधून निवडून आल्या. एका लवादाच्या प्रकरणात राज्याच्या बाजूने त्यांची विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक झालेली होती. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. अपील सुरू असताना राजस्थान विधानसभेने मागील तारखेपासून सूट देणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने शेवटी त्यांची निवड कायम केली. बहुमताचं म्हणणं असं की एका प्रकरणापुरतं काम म्हणजे 'पद' नव्हे. पण निकाल तीन विरुद्ध दोन असा होता.

म्हणून नेहमीची नेमणूक असलेल्या सरकारी वकिलाने धोका पत्करू नये. राजीनामा द्यायचा आणि तो मंजूर झाल्याचा कागद हातात घ्यायचा. पात्रता पाहिली जाते ती छाननीच्या दिवशी. निवडून आल्यावर राजीनामा देऊन चूक सुधारत नाही.

## उमेदवारी अर्जात वकीलही चुकतात

विधानसभेसाठी वय किमान २५ आणि राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव असणं पुरेसं आहे. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५,०००. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (नाव सुचवणारा मतदार) चालतो, अपक्षाला दहा लागतात. त्यातला एखादा सूचक दुसऱ्या मतदारसंघाचा मतदार निघाला की अर्ज बाद.

सर्वात जास्त काळजी लागते ती नमुना २६ च्या शपथपत्राला. त्यात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, देणी, उत्पन्न, शिक्षण आणि स्वतःवरच्या फौजदारी केसेस लिहायच्या असतात. वकील म्हणून लढवलेल्या केसेस यात येत नाहीत, पण मोर्चात जमावबंदी मोडल्याची केस येते. रकाना रिकामा सोडायचा नाही. माहिती नसेल तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहावं लागतं. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की रिकामे रकाने दाखवूनही उमेदवाराने भरले नाहीत तर अर्ज फेटाळता येतो. मतदाराला माहिती मिळण्याचा हक्क आहे आणि कोरा रकाना म्हणजे ती माहिती दडवणं, हे त्यामागचं कारण.

शपथेचंही भान ठेवावं लागतं. अर्ज दाखल केल्यानंतर संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते आणि तीही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. छाननीच्या सकाळी घाईघाईने घेतलेली शपथ चालत नाही.

खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. त्यासाठी बँकेत वेगळं खातं, अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा रोजचा हिशेब आणि निकालानंतर ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे जमा करणं. पुरेशा कारणाशिवाय जमा केला नाही तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. निवडीला आव्हान द्यायचं तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात याचिका. इतर दाव्यांत उशीर माफ करून घेता येतो. निवडणूक याचिकेत नाही.

## आमदार झाल्यावर काळा कोट घालता येतो का?

हो, येतो.

शंका येते ती बार कौन्सिलच्या नियम ४९ मुळे. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, असं तो नियम सांगतो. आमदारांना वेतन मिळतं. मग ते नोकर नाहीत का? हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २५ सप्टेंबर २०१८ ला निकाल लागला. नियमाला 'नोकर' अभिप्रेत आहे आणि नोकर म्हटलं की मालक आला. आमदाराचा मालक कोण? त्याला सरकार कामाला ठेवत नाही आणि काढूही शकत नाही. त्याचं वेतन अनुच्छेद १९५ खाली विधिमंडळाच्या कायद्याने ठरतं. तो लोकसेवक आहे, पण सरकारी नोकर नाही. म्हणून नियम ४९ त्याला लागू होत नाही.

मंत्रिपदाचं वेगळं. मंत्री स्वतःच सरकारचा भाग होतो आणि रोजचा कारभार पाहतो. मंत्री झालेले वकील व्यवसाय थांबवतात आणि तेच योग्य आहे.

कायद्याने परवानगी असली तरी प्रत्येक प्रकरण घ्यावं असं नाही. ज्या कंत्राटाबद्दल आमदाराने सभागृहात प्रश्न विचारला त्याच कंत्राटदाराचं वकीलपत्र घेणं कुठल्याही बाजूने पाहिलं तरी चुकीचं आहे. माझं स्पष्ट मत असं की आमदार असेपर्यंत सरकार पक्षकार असलेली नवी प्रकरणं घेऊच नयेत.

आणि जुन्या पक्षकारांचं काय? वकिलाला मधेच अंग काढून घेता येत नाही. पुरेसं कारण, वेळेत सूचना आणि कोर्टाची परवानगी लागते. न केलेल्या कामाची फी परत करावी लागते. पक्षकाराला दुसरा वकील द्यायचा असेल तर जुन्या वकिलाची ना हरकत घेऊन नवं वकीलपत्र दाखल करायचं. फी बाकी आहे म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. आमदारसाहेबांकडे फाइल मागायला संकोच वाटतो, पण तो हक्क पक्षकाराचा आहे.

## कोर्टातलं काम आणि सभागृहातलं काम

लोकांना वाटतं की दोन्ही बोलण्याचीच कामं, त्यामुळे वकिलाला विधानसभा सोपी जात असेल. प्रत्यक्षात कामाची दिशाच उलटी होते.

कालव्याच्या पाण्याचं उदाहरण घेऊ. एका शेतकऱ्याला त्याच्या पाळीचं पाणी मिळालं नाही. त्याची बाजू मांडून पाळी मिळवून देणं हे वकिलाचं काम. पाळीपत्रक, म्हणजे कुणाला कधी पाणी याचं वेळापत्रक, जसं आहे तसं धरूनच त्याला भांडायचं असतं. पाळीपत्रकच चुकीचं असेल, शेवटच्या शेतांना कधीच पाणी पोहोचणार नाही असं आखलेलं असेल, तर ते बदलणं हे आमदाराचं काम. पण ते बदलताना त्याला वरच्या आणि खालच्या सगळ्याच शेतांचा विचार करावा लागतो. एकासाठी बदलता येत नाही.

याचं खरं उदाहरण म्हणजे तुकडेबंदी. १९४७ चा हा कायदा ठराविक क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांची विक्री रोखतो, म्हणजे शेती तुकड्या-तुकड्यांत संपू नये. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत ही किमान मर्यादा जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केली गेली. पण गावं वाढली, शहरांच्या कडेला लोकांनी घरासाठी एक-दोन गुंठे घेतले. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. पैसे दिले, घर बांधलं, पण सातबारावर नाव लागेना. तालुक्याच्या वकिलाकडे अशा फायलींचा ढीग असतो आणि प्रत्येक फाइल तीच गोष्ट सांगते.

२०२१ मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून असे दस्त नोंदवणंच थांबवलं. लोक उच्च न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केलं. वकिलीच्या वाटेने इथपर्यंत येता आलं. दस्त नोंदणीचा अडथळा निघाला, पण मूळ कायद्यातली बंदी कोर्ट पुसून टाकू शकत नव्हतं. ते काम विधिमंडळाचंच होतं. २०१७ च्या सुधारणेने जुने व्यवहार बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरून नियमित करण्याची सोय झाली. एवढी रक्कम सामान्य माणूस भरेना, म्हणून पुढे ती ५ टक्क्यांवर आणली गेली. एका आकड्यातल्या बदलाने किती घरांचा प्रश्न सुटू शकतो, हे ज्याने त्या फायली हाताळल्या त्याच्याइतकं कुणाला कळणार? वकिलीतून आलेल्या आमदाराची खरी किंमत मला इथे दिसते.

## विधेयक वाचता येणं ही दुर्मीळ गोष्ट आहे

विधेयक म्हणजे कायद्याचा मंजूर व्हायचा मसुदा. सुधारणा विधेयक हातात घेतलं तर सामान्य वाचकाला काहीच कळत नाही. 'मुख्य अधिनियमाच्या अमुक कलमातील पोट-कलम (२) मध्ये "तीस दिवस" या मजकुराऐवजी "पंधरा दिवस" हा मजकूर दाखल करण्यात येईल', अशी त्याची भाषा असते. मूळ कायदा शेजारी उघडून वाचलं तरच समजतं की अपिलाची मुदत अर्ध्यावर आली.

सरावलेला वकील पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. आधी तो शेवटचं 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' पाहतो आणि सरकार जे सांगतंय ते खरोखर कलमांत आहे का ते ताडतो. मग व्याख्या पाहतो, कारण कायदा कुणाला लागू आणि कुणाला नाही हे तिथे ठरतं. मग प्रत्येक 'परंतु' शोधतो, कारण सूट आणि पळवाट दोन्ही तिथेच असतात. मग अपील कुणाकडे आणि किती दिवसांत. आणि शेवटी कुठल्या गोष्टी 'विहित करण्यात येतील' असं म्हणून सरकारने नियमांसाठी राखून ठेवल्या आहेत.

ही शेवटची बाब फार महत्त्वाची. कायदा सभागृहात मंजूर होतो, पण फी किती, नमुना कोणता, कुठला अधिकारी, किती दिवसांत, हे सगळं नंतर मंत्रालयात नियम करून ठरतं. ते नियम सभागृहासमोर ठेवले जातात, पण वाचतं कोण? तालुक्यात माणूस अडतो तो बहुधा नियमात.

'शासन राजपत्रात अधिसूचनेद्वारे नेमून देईल त्या दिनांकास अंमलात येईल' हे वाक्यही असंच. मंजूर झालेला कायदा लागू झालाच असं नाही. वकिलांना देशातल्या सर्व न्यायालयांत वकिलीचा हक्क देणारं अधिवक्ता अधिनियमाचं कलम ३० याचा पुरावा आहे. कायदा १९६१ चा, ते कलम अंमलात आलं १५ जून २०११ ला. पन्नास वर्षं ते कागदावरच होतं.

## मग एकटा आमदार कायदा बदलू शकतो का?

क्वचित. आणि हे मतदारांना कुणी सांगत नाही याचं वाईट वाटतं.

२८८ आमदारांपैकी मंत्री नसलेला कुणीही विधेयक मांडू शकतो. त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. पण त्यातून सरकारी तिजोरीवर खर्च पडत असेल तर अनुच्छेद २०७ प्रमाणे राज्यपालांची शिफारस लागते, म्हणजे व्यवहारात सरकारची तयारी लागते. बहुतेक अशासकीय विधेयकं मंत्र्यांच्या आश्वासनानंतर मागे घेतली जातात.

दुसरी भिंत विषयांची. पोलीस, शेती, जमीन, स्थानिक संस्था हे राज्याच्या सूचीतले विषय. फौजदारी कायदा, विवाह, शिक्षण, वनं हे समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचे. तिथे राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर तो टिकायला राष्ट्रपतींची मंजुरी लागते. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मोक्का कायद्याला ती मिळाली. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या, महिला आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा सांगणाऱ्या शक्ती विधेयकाचा मात्र कायदा होऊ शकला नाही.

तिसरी भिंत पक्षाची. दहाव्या अनुसूचीनुसार पक्षाचा व्हिप (मत कसं द्यायचं याचा आदेश) मोडून मत दिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही तर आमदारकी जाऊ शकते. वकिलाला स्वतःच्या बुद्धीने युक्तिवाद करायची सवय. इथे मतदानाला पक्षाची चौकट. हे अनेकांना जड जातं.

मग उरतं काय? बरंच उरतं. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि उपप्रश्न विचारता येतात. उलटतपासणी केलेल्या माणसाला छोटा, एकाच मुद्द्याचा, निसटता येणार नाही असा उपप्रश्न विचारता येतो. लक्षवेधी सूचनेने ताज्या आणि निकडीच्या विषयावर सरकारला निवेदन करावं लागतं. मंत्र्याने दिलेला शब्द आश्वासन समितीकडे जातो आणि पाठपुरावा होतो. लोकलेखा समिती महालेखापरीक्षकांच्या (कॅगच्या) अहवालावरून अधिकाऱ्यांना बोलावून हिशेब विचारते. संयुक्त समितीत विधेयकाचं कलमवार वाचन होतं, तिथे भाषणबाजी कमी आणि मसुद्यावर काम जास्त. कागद वाचणाऱ्या आमदाराचा प्रभाव या बंद खोल्यांत सर्वाधिक पडतो, जरी त्याचा व्हिडिओ कधी गावात फिरत नसला तरी.

## 'आमदारांनी पत्र दिलं तर आपली केस सुटेल'

नाही. न्यायालयातल्या प्रकरणात आमदाराचं पत्र चालत नाही. सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कामकाजातल्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करायलाही अनुच्छेद २११ मनाई करतो आणि न्यायप्रविष्ट विषय सभागृहात टाळले जातात. तहसीलदार किंवा प्रांताधिकारी जेव्हा रस्त्याचा किंवा फेरफाराचा वाद ऐकतात तेव्हा तेही न्यायाधीशासारखंच काम करत असतात. तिथे दबाव आणून मिळवलेला आदेश अपिलात टिकत नाही आणि मग पत्र घेऊन आलेल्याचंच नुकसान होतं.

वकील-आमदाराला ही सीमा कळायला हवी, पण मोह त्यालाच जास्त होतो. सकाळी सातपासून दारात पक्षकारांसारखीच रांग असते. प्रत्येकाला पत्र दिलं की माणूस खूश होतो. पाच वर्षं अशी पत्रं देण्यात गेली, तर निवडून येऊनही तो वकीलच राहिला, आणि तोही फी न घेणारा आणि सुनावणीला न जाणारा.

स्थानिक विकास निधीबद्दलही गैरसमज आहे. वर्षाला ५ कोटी रुपये आमदाराच्या हातात येत नाहीत. तो कामं सुचवतो, जिल्हाधिकारी कार्यालय मंजुरी देतं, काम संबंधित विभाग करून घेतो.

## 'सभागृहात काहीही बोलायची मुभा आहे ना?'

बोलण्याला आणि मतदानाला अनुच्छेद १९४ चं संरक्षण आहे. सभागृहातल्या भाषणावरून कोर्टात खटला चालत नाही. पण तेच वाक्य बाहेर पत्रकारांसमोर बोललं की संरक्षण संपतं. आणि पैसे घेऊन मत किंवा भाषण केलं तर सभागृहातही संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने ४ मार्च २०२४ ला सांगितलं.

फौजदारी खटल्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की आमदारकी जाते. पूर्वी अपील केलं की ती टिकायची. जुलै २०१३ च्या निकालाने ती सवलत गेली. वरच्या कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली तरच काही वाचतं.

## पुढच्या वेळी पडला तर?

तेव्हा वकिलीचा खरा उपयोग होतो. निवडणूक हरलेला वकील पुढच्याच सोमवारी कोर्टात उभा राहू शकतो. ज्याने आमदार असताना व्यवसाय चालू ठेवला त्याला काहीच करावं लागत नाही. ज्याने सनद स्थगित करून घेतली होती त्याला बार कौन्सिलकडे ती पुन्हा सुरू करण्याचा अर्ज करावा लागतो आणि आदेश येईपर्यंत वकीलपत्र दाखल करता येत नाही.

अडचण वेगळीच असते. पाच वर्षांत पक्षकार दुसरीकडे गेलेले असतात, ज्युनियर स्वतंत्र झालेले असतात आणि कायदाही बदललेला असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलले. त्याआधी आमदार झालेल्याला परतल्यावर जामीन अर्जातले कलमांचे आकडेसुद्धा नव्याने शिकावे लागतात. म्हणून जाणते वकील आमदारकीच्या काळातही एखादा ज्युनियर ऑफिसात ठेवतात, आठवड्यातून एक संध्याकाळ नवे निकाल वाचतात आणि सरकारशी संबंध नसलेले चार-दोन दिवाणी दावे चालू ठेवतात.